कपाळावरची चिठ्ठी

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. उजेडावर चालणारा! बॅटरीचे मिंधेपण मी कधी पत्करले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या कपाळावर एक काळी पट्टी आहे. तिच्यावर उजेड पडला की माझे पोट भरते.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तो थेट एका गोदामाच्या कचेरीत आलो. तिथल्या हिशेबनीस बाईंनी मला बावीस वर्षे वापरले. वापरले कसले, पाळत ठेवली! माझी प्रत्येक बेरीज त्या पेन्सिलीने पुन्हा करून बघत. मला भारी राग यायचा.

पुढे त्यांची भाची विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकू लागली आणि मी तिच्याकडे गेलो. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, सगळे आम्ही मिळून केले. "हा आहे म्हणून माझं निभतंय," असे ती मैत्रिणींना सांगायची. मी फुगून जायचो. घरी मात्र आत्या तिला लांबलचक उभ्या बेरजा घालायच्या.

"अगं आत्या, मग हा कशाला आहे?"

"त्याला राहू दे. तू कर."

शेवटचा पेपर ताळेबंदाचा होता. एका लेखापरीक्षकाच्या कचेरीत भाचीची नोकरी ठरली होती, पण सगळे विषय एका दमात सुटले तरच. नियमाप्रमाणे कॅल्क्युलेटरवर आसनक्रमांक चिकटवायचा होता. त्या सकाळी आत्यांनी मला मऊ फडक्याने पुसले आणि मोठ्या मायेने चिठ्ठी डकवली, ती नेमकी काळ्या पट्टीवर! बावीस वर्षे त्यांना ती पट्टी शोभेचीच वाटत आली होती. मी ओरडणार कसा?

परीक्षेत भाचीने बटण दाबले. मी ठार कोरा. तिने मला हलवले, बाकावर आपटले. तिला रडू फुटायच्या बेतात होते.

"दुसरा मिळणार नाही, बाळ," पर्यवेक्षक म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग तिने पेन्सिल उचलली. पुटपुटत, हातचे धरत ती एकेक रकाना उतरू लागली. घंटेला चार मिनिटे उरली असताना दोन्ही बाजू जुळल्या. मला आनंद झाला. पण खोटे कशाला बोलू, जिव्हारीही लागले.

मग मी बिघडलेला ठरून खणात पडलो. निकाल लागला तेव्हा ती सगळ्या विषयांत पास झाली होती! त्या दिवशी आवराआवर करताना आत्यांनी ती चिठ्ठी सोलून काढली आणि माझे शून्य लख्ख उमटले. आत्या कधी चिठ्ठीकडे, कधी काळ्या पट्टीकडे बघू लागल्या.

"अगं, माझ्या हातानं तुझी नोकरी गेली असती गं!"

भाची त्यांना बिलगली. "तुझ्यामुळेच मिळाली, आत्या. बेरजा कोणी करून घेतल्या माझ्याकडून?"

आत्या माझ्यावरून बोट फिरवत राहिल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंवर माया करा, जरूर करा. फक्त त्याआधी आम्ही कशावर जगतो, तेवढे बघून घ्या.