हप्ते न घेणारी संस्था

नर्मीनला अर्थनियोजनाची पदवी घ्यायची होती. म्हणजे लोकांना त्यांचे पैसे कसे जपावेत ते सांगायचं. इजिप्तमधल्या तांता गावात, आमच्या गल्लीत हे काम तिची आई, हज करून आलेली म्हणून हाग्गा इन्शिराह, पंचवीस वर्षं फुकट करते. हाग्गा, दहा बायका आणि मी, अशी आमची भिशी. दरमहा दोन हजार गिनी भरायचे, ज्याचा नंबर त्याला चोवीस हजार. बँकेबद्दल आमची तक्रार नाही, फक्त ओळख नाही.

तीन ठिकाणं निघाली. कैरोतल्या एका विद्यापीठात तळं होतं. नर्मीनचे वडील वग्दी, पोस्टातून निवृत्त, म्हणाले, "फी तळ्याची घेतायत. हिला पोहता येत नाही." दुसऱ्याची फी निम्मी, पण रोजचं गाडीभाडं धरलं की तळंच स्वस्त पडत होतं. उरली गावातली संस्था. वर्षाचे चोवीस हजार, एकरकमी. ऑक्टोबरचा नंबर हाग्गाचाच होता, त्यामुळे निवड झाली असं सगळ्यांनी धरलं.

सोमवारी भिशीतली उम्म करम आली. तिच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि मुलीकडून फ्रीज यायचा बाकी.

"हाग्गा, व्याही रोज स्वयंपाकघर बघायला येतात. रिकामा कोपरा किती वेळा दाखवू?"

लग्न आधी, बाकी सगळं मागून, हा भिशीचा नियम हाग्गाचाच. तिनं नंबर देऊन टाकला.

"आई, आणि मी?" नर्मीन म्हणाली. "गुरुवार शेवटचा दिवस आहे."

"तुझं लग्न ठरलं असतं तर तुला दिला असता."

"ठरवू?"

"गुरुवारपर्यंत जमत असेल तर बघ."

जमलं नाही. गुरुवारी मायलेकी संस्थेत गेल्या. फीच्या खिडकीत मदाम अफाफ चहा पीत होत्या.

"मदाम, दोन हप्ते करून द्या."

"हप्ते इथं शिकवतात, हाग्गा. घेत नाहीत."

"बरं. तुम्ही फ्रीज कसा घेतलात?"

"भिशीतून."

"इथली भिशी कोण चालवतं?"

"मदाम ऐदा चालवायच्या. त्या निवृत्त झाल्या, तेव्हापासून बंदच आहे." अफाफनी कप खाली ठेवला. "तुम्ही त्या इन्शिराह तर नव्हे? माझी नणंद अकरा वर्षं तुमच्याकडे होती."

हाग्गानं खुर्ची ओढली, पिशवीतून वही काढली आणि दरमहा दोन हजारांच्या नव्या भिशीसाठी नावं आणि पैसे घ्यायला लागली. पगार आदल्याच दिवशी झाला होता. बारापर्यंत तिच्याखेरीज दहा नावं झाली, त्यात चार प्राध्यापक. चालवणाऱ्याला पहिला नंबर हा सगळीकडचाच रिवाज, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी अकरावे, डीन डॉक्टर शुक्री आले. "हाग्गा, मला नोव्हेंबर द्या. गाडीचा गिअरबॉक्स गेलाय."

"आपण काय शिकवता, डॉक्टर?"

"आकस्मिक खर्चाची तरतूद."

हाग्गानं त्यांना जुलै दिला.

दीड वाजता पावती फाटली. नर्मीन वग्दी, पहिलं वर्ष, फी पूर्ण. पैसे तिला शिकवणाऱ्यांचेच होते.

"आई, मी नापास झाले तर?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"अभ्यास कर," हाग्गा म्हणाली. "आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत, शेवटचा नंबर निघेपर्यंत, माझी तब्येत सांभाळ. त्यांनाही तेच हवंय."