बापूंच्या अंगावरून उतरवलेला शर्ट

मी एक शर्ट आहे. पांढरा, सुती, अर्ध्या बाह्यांचा. शर्टाला कसला राग येणार, असं तुम्हाला वाटेल. मला आलाय, आणि वर्ष होत आलं तरी तो गेलेला नाही.

परभणीच्या एका मोठ्या कापड दुकानात मी ताग्यात गुंडाळलेला होतो. चैत्र संपत आला होता. राणीसावरगावचे किशनराव आपल्या घरच्यांना घेऊन तिथं आले. घरात त्यांना सगळे बापू म्हणतात. बरोबर नर्मदाबाई आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा माऊली. धाकटी राजेश्री, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

दुकानात एसी इतका गार होता, की घोंगडं पांघरलं असतं तरी कुणाला घाम फुटला नसता. मला पहिला राग तिथंच आला. उन्हाळ्याचे कपडे घ्यायचे आणि ते हिवाळ्यात उभं राहून निवडायचे! माऊलीनं घरातल्या सगळ्या पुरुषांसाठी मरून रंगाची मखमली जाकिटं काढायला लावली. आत चकचकीत, जाड अस्तर. एक बापूंच्या अंगावर चढवलं, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"माऊली, याच्यात लय उबतं रे," बापू म्हणाले. "मला सुती काहीतरी घे."

"बापू, फोटोत सगळे सारखे दिसाय पाहिजेत. एका दिवसाचा तर सवाल हाय."

"काका, सध्या हेच चालायलंय," दुकानातला माणूस म्हणाला.

झालं. बापूंना पुन्हा कुणी विचारलं नाही. नर्मदाबाई मात्र गुपचूप माझ्यापाशी आल्या, बोटांत धरून मला चुरगाळून पाहिलं आणि शर्टापुरतं कापड फाडून घेतलं.

गंगाखेडच्या हरिओम टेलरनं मला शिवलं. माप घेताना त्यानं विचारलं, "बापू, घेर सैल ठेवू का?"

"सैल ठेव बाबा. हवा खेळली पाहिजे."

त्या सगळ्या खरेदीत बापूंना त्यांच्या अंगाबद्दल विचारणारा तो एकटाच.

लग्न गंगाखेडच्या मंगल कार्यालयात होतं. सकाळपासून पत्रे तापले होते. बापूंनी खोलीत जाऊन मला घातलं. त्यांचा खांदा माझ्यात अलगद बसला. आरशात पाहून ते जरासे हसलेही. तेवढ्यात माऊली आत आला.

"हे काय घातलं? सगळे जाकिटात आन् तुमी एकटेच असे? पाहुणे काय म्हणतील?"

"माऊली, सकाळपासून डोकं गरगरायलंय."

"बापू, आजच्या दिवस तरी ऐका की!"

बापूंनी माझी बटणं काढली. पोरीच्या लग्नात तमाशा नको म्हणून. मला माऊलीचा राग आला, तसा बापूंचाही आला. नर्मदाबाईंनी मला घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं.

नवरदेव मारुतीच्या देवळापासून वाजतगाजत निघाला. त्याला सामोरं जायला बापू भर उन्हात उभे राहिले. वरात नाचत होती, हलतच नव्हती. मखमलीच्या आत तो माणूस भाजत होता. बाहेर एकदम ओरडा झाला, बँड थांबला. बापू रस्त्यावर कोसळले होते.

माऊलीनंच गाडी काढली. नर्मदाबाई हातातल्या पिशवीसकट मागं बसल्या, म्हणून मीही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी ते जाकीट कात्रीनं कापून काढलं. ओल्या चादरी, बर्फ, सलाईन.

"असल्या उन्हात यांना मखमल कुणी घातली?"

माऊली बाहेर जाऊन रडला, हे मी नाकारत नाही.

मुहूर्त टळू द्यायचा नाही, असं तिकडं मोठ्या माणसांनी ठरवलं. माऊलीला फोन आला आणि तो परत गेला. नर्मदाबाई जागच्या हलल्या नाहीत. राजेश्रीचं कन्यादान तिच्या चुलत्यानं, भगवानरावांनी केलं.

दिवस कलताना नर्सनं हलकं काही घालायला सांगितलं. तेव्हा मी पुन्हा बापूंच्या अंगावर आलो. थोड्या वेळानं सासरी निघालेली राजेश्री, शालू सावरत, थेट खाटेपाशी आली.

"झालं का लगीन?" बापूंनी विचारलं.

"झालं, बापू."

"तुझा हात कुणी दिला?"

"काकांनी."

बापूंनी भिंतीकडं तोंड केलं. राजेश्री माझी बाही मुठीत धरून रडत राहिली. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. पोरीला तेवढाही वेळ कुणी दिला नाही.

नंतर जो येई तो म्हणे, "यंदा ऊनच लय होतं." ऊन! अरे, ऊन दरवर्षी असतं. उन्हानं कुणाला मखमल घातली नव्हती. पुढं फोटोवाल्यानं कन्यादानाच्या फोटोत बापूंना चिकटवलं, राजेश्रीच्या शेजारी, जाकिटात, हसताना. पाहुणे म्हणतात, काय रुबाब दिसतोय! तो फोटो टांगलेल्या भिंतीकडं पाठ करून बापू जेवायला बसतात.

यंदा माऊलीचं लग्न आहे, वैशाखातच. परवा तो आला आणि मोबाइलवर कोट दाखवू लागला. बापूंनी मला घातलेलं होतं.

"माज्या अंगावर काय घालायचं ते मी ठरवीन," बापू म्हणाले. आवाज चढला नव्हता. "जमत नसंल तर माज्याबिगर अक्षता टाका."

"बापू, मागचं कशाला काढायलात?"

नर्मदाबाई चुलीपुढूनच बोलल्या, "एका लेकराचं लगीन दवाखान्यात काढलं. दुसऱ्याचं घरी बसून काढू."

माऊली मोबाइल खिशात घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. अजून त्यानं हो म्हटलेलं नाही, की नाही म्हटलेलं नाही.

माझी कॉलर विरत आलीय. पुढचा उन्हाळा मला दिसेल असं वाटत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. पण तुम्ही आता उन्हाळ्याच्या खरेदीला निघाला असाल. बापाला दुकानात नेऊन खुंटीसारखा उभा करू नका. त्याला विचारा. आणि विचारलंत, तर तो बोलेपर्यंत थांबा.