सहावी सूचना

स्त्रियांच्या सर्जरी वॉर्डात भिंतीवर एक तक्ता होता आणि मावशी तो रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. पुसायला वॉर्डात काय कमी होतं? अठरा खाटा, अठरा लोखंडी कपाटं, खिडक्या, सलाईनचे स्टँड. पण सुरुवात तक्त्यापासून. ‘खोऱ्यातील रुग्णांशी कसे वागावे : नऊ सूचना’ असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत त्या नऊ सूचना. मावशीने त्या कधी वाचल्या नव्हत्या. वाचता येत नव्हतं असं नाही, अडखळत का होईना यायचं. पण आपल्याच तोंडून निघालेलं आपण काय वाचायचं, असं तिला वाटे. जिने स्वयंपाक केला तिला पानात काय वाढलंय ते कुणी सांगायला लागत नाही.

मावशी मूळची वरच्या खोऱ्यातली. लग्न होऊन शहरात आली त्याला तेवीस वर्षं झाली, त्यातली अकरा या वॉर्डात गेली. चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला ट्रॉलीवरून नेणं ही तिची कामं. खोऱ्यातली बाई दाखल झाली की ‘मावशीला बोलवा’ अशी हाक यायची, कारण तिथली बोली दुसऱ्या कुणाला येत नव्हती. दुभाषी म्हणून तिला कुणी नेमलं मात्र नव्हतं. नेमलं असतं तर बसायला खुर्ची द्यावी लागली असती.

तीन वर्षांपूर्वी एक नवी सिस्टर आली. तिच्या खिशात कायम एक निळी वही असे, म्हणून सगळे तिला मागून वहीवाली म्हणत. बाकीच्या सिस्टर खोऱ्यातल्या बायांना एकच प्रश्न विचारत, ‘दहापैकी किती दुखतंय?’ बाई म्हणे, ‘बरं आहे.’ कागदावर शून्य पडे. शून्य दुखणाऱ्या बाईला इंजेक्शन कोण देतंय? वहीवालीने मात्र एक दिवस मावशीला चादरींच्या खोलीत गाठलं.

“मावशी, त्या बाईला दरदरून घाम फुटलाय, खाटेचा गज सोडत नाही, आणि म्हणते बरं आहे. हे काय गौडबंगाल आहे?”

मावशीला हसू आलं. “सिस्टर, आमच्याकडे परक्याला बरंच सांगतात. दुखणं म्हणजे घरातली गोष्ट, ती दारात उभ्या असलेल्याला कोण सांगणार? किती दुखतंय ते विचारू नका. कुठलं काम हातून सुटलं, ते विचारा.”

वहीवालीने मावशीकरवी तसं विचारलं. बाई म्हणाली, ऑपरेशन झाल्यापासून कूस बदलता येत नाही, केसांपर्यंत हात जात नाही. टाके उघडून पाहिले तर आत पू. त्या बाईचा जीव वाचला आणि दोघींचं गूळपीठ जमलं. दुपारी वॉर्ड झोपला की चादरींच्या खोलीत चहा व्हायचा. चादरीच्या घड्या घालताना वहीवाली समोरची दोन टोकं धरायची. अकरा वर्षांत कुठल्या सिस्टरने चादरीची टोकं धरली नव्हती. मावशीसारखी बाई तेवढ्यावर विरघळली, यात तिचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

अशाच एका दुपारी मावशीच्या आईची गोष्ट निघाली. आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरने थोरल्या मुलाला, म्हणजे मावशीच्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं. भावाने ठरवलं, आईला कळायला नको, उगाच हाय खाईल. तिला घरी नेलं. आई दहा महिने ‘अरे, मला झालंय तरी काय?’ एवढंच विचारत राहिली आणि उत्तर न मिळताच गेली.

“आमच्याकडे हे असंच, सिस्टर,” मावशी नाक पुसत म्हणाली. “आधी थोरल्याला सांगायचं. तो ठरवणार. जिचं पोट तिला शेवटी कळतं, कळलं तर.”

वहीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मावशीचा हात धरला, बराच वेळ धरला. मग खिशातून वही काढली. मावशीला त्याचंही बरंच वाटलं. आपल्या आईचं मरण कुणी लिहून ठेवतंय, म्हणजे ते अगदीच वाया गेलं नाही.

पुढे त्या वहीचा तक्ता झाला. मोठ्या साहेबांच्या हस्ते तो भिंतीवर लागला, टाळ्या झाल्या, वहीवाली दुसऱ्या वॉर्डांतल्या सिस्टरांना शिकवायला जाऊ लागली. ‘मावशींशिवाय हे झालं नसतं,’ असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. मावशी तेव्हा दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली, पण घरी जाऊन नवऱ्याला ते वाक्य तीनदा ऐकवलं.

आणि मग एका सोमवारी सात नंबरच्या खाटेवर काकू आली.

साठीची, काटक, हाताला घट्टे. बरोबर थोरला मुलगा, दांडगा गडी, पण डोळे सशाचे. त्याचे वडील ऑपरेशनच्या टेबलावर गेले होते आणि तेव्हापासून पांढरा कोट दिसला की त्याला धाप लागायची. सिस्टरने काही विचारलं की तोच उत्तर द्यायचा. काकू खिडकीबाहेर बघत म्हणायची, “बरं आहे.”

मावशीने त्याला कागदपत्रांचं निमित्त करून खाली पिटाळलं आणि खाटेशेजारी बसली. वहीवाली पायाशी उभी राहिली.

“काकू, घरात आता कुठलं काम जमत नाही?”

काकूने आधी दाराकडे पाहिलं. “पोरी, पाणी भरण्याचं दिवाळंच निघालंय. वाकता येत नाही. आठ महिने झाले.” मग हलक्या आवाजात रक्त जातं ते सांगितलं, झोप नाही ते सांगितलं, पोट कसं फुगलंय ते चादर सारून दाखवलं.

तपासण्या झाल्या. बुधवारी मोठे डॉक्टर म्हणाले, अंडाशयाला गाठ आहे, काढायलाच हवी. आता काढली तर बाई चांगली जगेल, दोन-तीन महिने थांबली तर हातात काही राहणार नाही. शुक्रवारी सकाळी सही घेऊ, दुपारी ऑपरेशन. मावशीने सगळं काकूला तिच्या बोलीत सांगितलं, एक शब्द न गाळता. आईला जे कुणी सांगितलं नव्हतं ते सांगताना तिने खाटेचा गज घट्ट धरला होता.

काकू मात्र शांत होती. “मी सही करते. माझी मी करते. फक्त थोरल्याला आधी कळू देऊ नका. तो उद्या गावी जाऊन शनिवारी येतोय. तोवर उरकून टाका.”

“तो रागावेल?”

“रागावला असता तर बरं, रागाला मी भीक घालत नाही. तो रडेल. बाप गेल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता, तसा रडेल. पोरगा रडायला लागला की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही, पोरी. मग मी घरी जाईन.” मग तिने वहीवालीकडे हनुवटी केली. “ही बाई पोटात ठेवील ना?”

“आपलीच आहे, काकू. माझा शब्द.”

वहीवालीला तिने ते सगळं समजावून सांगितलं. वहीवालीने काकूच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. कशी? नीट, दोनदा. मावशीला ती मान पुढे जन्मभर आठवणार होती, म्हणून सांगितलं.

शुक्रवारी मावशी अर्धा तास लवकर आली. तक्ता पुसायलाही थांबली नाही. सात नंबरच्या खाटेशी थोरला आला होता. काकूची पिशवी भरलेली, कपडे घरचे, आणि तो खाटेच्या काठावर टेकून, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, लहान पोरासारखा हुंदके देत होता. काकूचा हात त्याच्या केसांतून फिरत होता.

मावशी तशीच सिस्टरांच्या टेबलाशी गेली.

“याला कुणी सांगितलं?”

“मी,” वहीवाली म्हणाली, मान वर न करता, औषधं मोजत. “काल संध्याकाळी फोन केला.”

“तुम्ही हातावर हात ठेवला होता, सिस्टर.”

“मावशी, पेशंटला धीर द्यायला आम्ही हात ठेवतोच.” आता तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, नवल होतं, आणि तेच मावशीला जास्त लागलं. “घरातल्या थोरल्याला वगळून मी त्या बाईची सही कशी घेणार? उद्या तो येऊन म्हणाला असता, आमच्या रीतीचा अपमान केलात. आणि हे सगळ्या हॉस्पिटलला शिकवते कोण? मीच. सहावी सूचना. तुम्हीच तर सांगितली होती.”

मावशी तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली. दोन वर्षं रोज पुसला होता, आज पहिल्यांदा वाचला. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत. पहिली सूचना : ‘बरं आहे’ हे उत्तर मानू नये, ते परक्याला दिलेले उत्तर असते. बरोबर. दुसरी : सुटलेली कामे विचारावीत. बरोबर. बोट सरकत सरकत सहावीवर आलं. ‘आजाराचे निदान प्रथम कुटुंबातील थोरल्या पुरुषास सांगावे. निर्णय तो घेतो. स्त्री रुग्णास थेट विचारणे टाळावे.’

ही तिची आई होती. दहा महिने ‘मला झालंय तरी काय’ म्हणणारी आई, तीन ओळींत. मावशीने ती रड म्हणून सांगितली होती आणि या बाईने ती रीत म्हणून टांगली. आणि आपण वेड्यासारखं रोज तिच्यावरची धूळ पुसली.

“सिस्टर,” ती वळून म्हणाली, “हे आमच्याकडे होतं. व्हावं असं मी म्हटलं होतं का? माझी आई मेली यात.”

“मला माहीत आहे,” वहीवाली म्हणाली. “म्हणूनच तर लिहिलं. तुमच्या लोकांचा मान राहावा म्हणून.”

“आणि ती काकू? ती आमच्या लोकांत नाही?”

वहीवाली पुन्हा औषधं मोजू लागली.

मोठे डॉक्टर आले. भला माणूस. त्यांनी स्वतः कागद पुढे केला. “यांची सही यांनीच करायची असते. अजूनही करता येईल. मावशी, विचारा त्यांना.” मावशीने विचारलं, प्रत्येक शब्द नीट, दोन-तीन महिन्यांचंही पुन्हा सांगितलं. थोरल्याने मांडीवरून डोकं उचललं नाही, फक्त मिठी आवळली. काकूने कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, मुलाच्या मानेकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. दांड्याला काय वाटत असेल ते कुणी विचारत नाही. त्या सकाळी मावशीला ते कळलं. तिचा विश्वासघात झाला होता हे खरंच, पण काकूच्या लेखी विश्वासघात करणारी बाई एकच होती. शब्द वहीवालीने कुठे दिला होता? शब्द मावशीचा होता.

चाकाच्या खुर्चीतून काकूला दारापर्यंत नेण्याचं काम मावशीचंच. थोरला पिशवी घेऊन पुढे गेला. दाराशी मावशी खुर्चीपुढे उकिडवी बसली. काकूच्या पायातली चप्पल सारखी करायचं निमित्त केलं.

“काकू, मी नाही सांगितलं. आईची शपथ. लई दुखतंय का? गोळ्या देऊ बरोबर? काहीतरी बोला.”

काकूने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दारात कुणी पत्ता विचारायला आलं तर बघावं, तसं.

“बरं आहे,” ती म्हणाली.

मग वळून आलेल्या मुलाच्या खांद्याला धरून उठली आणि पायऱ्या उतरून गेली. एकेका पायरीवर थांबत.

दुपारी वॉर्ड झोपला. मावशी चादरींच्या खोलीत एकटीच घड्या घालत होती, चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून, अकरा वर्षांपैकी आठ वर्षं घालायची तशी. वहीवाली दारात आली. हातात दोन कप होते.

“मावशी, सकाळपासून बोलला नाहीत. मनाला लावून घेऊ नका हो. आपल्या हातात काय असतं?” तिने एक कप पुढे केला. “ठीक आहात ना?”

मावशीने चादर खाली ठेवली, वरून हात फिरवला, सुरकुती काढली.

“बरं आहे, सिस्टर,” ती म्हणाली.

“हां, मग झालं,” वहीवाली म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. कप चादरींच्या थप्पीशेजारी ठेवून ती वॉर्डात परत गेली.