करंडीतलं पहिलं फळ

यंत्र आलं त्या दिवसापासून हिराबाईच्या मनात पाल चुकचुकत होती. डहाणूच्या या चिकूच्या वखारीत ती एकोणीस वर्षं फळं निवडत होती. नखाने जरासं ओरखडावं, खाली पिवळसर दिसलं तर फळ तयार, हिरवं दिसलं तर कच्चं. खाऱ्या वाऱ्याने पडलेला डाग वरवरचा, किडीचा आतवर गेलेला. हे सगळं तिच्या बोटांत होतं. आणि आता डोक्यावर कॅमेरा टांगून मालक तुषारशेठ म्हणत होते, तू नेहमीसारखी निवड कर, यंत्र बघून शिकेल. ते शिकून झालं की हिराबाईचं काय, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

यंत्र बसवायला आलेला नविन फार गोड बोलायचा, त्यामुळे तिचा संशय आणखीच वाढला. त्याने सांगितलं की असंच यंत्र तलासरीच्या वखारीत आहे, आणखी तीन ठिकाणी आहे. कोणाच्याही फळांचे फोटो वखारीबाहेर जात नाहीत. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी शिकतं, फक्त शिकलेलं तेवढं एकत्र करून सगळ्यांना वाटतात. शिवाय थोडा भाग ज्याचा त्याचा राहतो, म्हणजे इथल्या यंत्राला इथल्या हाताची सवय लागते. पाहिलेलं घरात राहतं आणि शिकलेलं बाहेर जातं, म्हणजे गेलंच की, असं हिराबाईने मनाशी ठरवून टाकलं. जेवायला बसताना ती कॅमेऱ्यावर फडकं टाकू लागली.

तीन महिन्यांनी यंत्र स्वतः निवडू लागलं आणि हिराबाईकडे फक्त नजर ठेवायचं काम उरलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका शुक्रवारी तुषारशेठनी बाद ठरलेल्या फळांचा ढीग पाहिला आणि ते जागीच थांबले. ढिगात सडकं होतं, फुटकं होतं, आणि त्यातच वखारीतले सगळ्यात देखणे चिकू होते. एकही डाग नाही, घाटदार, देठासकट.

नविन आला, त्याने लॅपटॉप उघडला, बराच वेळ काहीतरी तपासलं. तलासरीत एवढं होत नाही, तो म्हणाला. हे यंत्र इथेच शिकलंय, इथल्याच हाताकडून.

सगळ्यांच्या नजरा हिराबाईकडे वळल्या. बादची फळं बायकांनी घरी न्यायची मुभा होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांगलं फळ मुद्दाम बादमध्ये टाकायचं आणि संध्याकाळी ओटीत घालून न्यायचं, हा हिशोब लहान पोरालाही कळला असता. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपल्याला वाटतच होतं, असं तुषारशेठ म्हणाले. मग आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की सोमवारपासून येऊ नकोस.

हिराबाईला रडू आलं नाही, संताप आला. एकोणीस वर्षांत तिच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नव्हती, आणि ते बोट आज एका काचेच्या डोळ्याने दाखवलं. सगळं सांगून टाकावं असं ओठावर आलं, पण देताना बोलायचं नसतं, अशी सासूची शिकवण होती.

नविन मात्र अजून पडद्याकडेच बघत होता.

"शेठ, यात एक गंमत आहे," तो म्हणाला. "प्रत्येक करंडीतलं एकच फळ आहे. पहिलं. तीन महिन्यांत एकाही करंडीतलं दुसरं नाही. चोरणारा माणूस एकावर थांबतो का?"

तुषारशेठनी हिराबाईकडे पाहिलं. तिने पुढे होऊन कॅमेऱ्यावर फडकं टाकलं, मागचं दार उघडलं आणि वाडीची वाट धरली. दोघे तिच्यामागून गेले. कोपऱ्यातल्या जुन्या चिकूच्या बुंध्याशी सालींचा आणि काळ्या चकचकीत बियांचा थर साचला होता. वर कालचे चिकू, वटवाघळांनी अर्धे खाल्लेले.

"करंडीतलं पहिलं नि सगळ्यात चांगलं फळ झाडाचं," ती म्हणाली. "सासू ठेवायची, मी ठेवते. मालाच्या फळाला हात कसा लावू? म्हणून आधी बादमध्ये टाकायची नि मग आणायची."

तुषारशेठ खाली वाकले, एक बी उचलून बोटांत फिरवत राहिले. झाड त्यांचंच होतं, त्यांच्या आजोबांनी लावलेलं. त्यांची मान काही लवकर वर झाली नाही.

हिराबाईच्या मनातून मात्र जुनी शंका गेली नव्हती. तिने नविनला विचारलं की हे शिकलेलं तलासरीला गेलं का. तो मान खाजवू लागला. तसं ते इथलंच राहायला हवं होतं, तो म्हणाला, पण थोडंसं झिरपलंय. तिथलं यंत्रसुद्धा हल्ली अधूनमधून एखादं सुरेख फळ बाजूला काढतं.

"मग तिथं ते कोण नेतं झाडाकडं?"

"कोणी नाही, मावशी. बादमध्येच राहतं. म्हशींना घालतात."

हिराबाईचा चेहरा उतरला. चोर म्हटल्यावरही तिला एवढं लागलं नव्हतं. झाडाच्या नावाने बाजूला काढायचं आणि द्यायचं नाही, असं तिच्या हातून आजवर एकदाही झालं नव्हतं. आता ते तिच्याच हाताने, तिने कधी न पाहिलेल्या वखारीत, रोज होत होतं.

"तलासरीचं पुसा," ती नविनला म्हणाली. "आजच्या आज."

"आणि इथलं?" तुषारशेठनी तिलाच विचारलं.

"इथलं राहू द्या, शेठ. इथं द्यायला मी हाय."