मुडदा बशिवला तुजा

सरकारी वकिलांनी चष्मा वर सारला आणि भर कोर्टात एकेक शब्द चावत वाचलं, "मुडदा बशिवला तुजा."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. गुणाबाईनं मात्र पदर घट्ट ओढून घेतला. हसायची वेळ होती का ही? याच तीन शब्दांनी तिचा घात केला होता. पनवेलच्या एका मोठ्या दुकानात तिनं नेलपॉलिशची बाटली कमरेला खोचली, दारात सिक्युरिटीवाल्यानं मनगट पिरगाळलं आणि तिच्या तोंडून हे निघालं. त्या बिचाऱ्याला मराठीचा गंध नव्हता. 'मुडदा' तेवढा कळला. बाई मला मारून टाकणार होती, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. झालं! चोरीची जबरी चोरी झाली आणि खालच्या कोर्टानं तीन वर्षं ठोठावली. आज अपील फेटाळलं गेलं तर बाईला परत तुरुंगात जावं लागणार होतं.

"जिवे मारण्याची धमकी याहून स्पष्ट काय असते?" सरकारी वकील म्हणाले.

गुणाबाईची वकील रुचिरा उठली. "साहेब, ही धमकीच नाही. तुम्ही मावशींनाच विचारा."

न्यायाधीशांनी मान वर केली. "बाई, तुम्ही असं बोललात?"

"बोलली, साहेब." मासळीबाजारात कमावलेला आवाज, हळू बोलायचं म्हटलं तरी घुमला. "आमी नातवाला पन बोलतो, जेवाला आला नाय का."

"आणि बाटली?"

"ती घेतली. खोटं नाय बोलनार. पैसं व्हतं माज्याकडं. पन मालक गेलं माजं, साहेब. लाल रंग चारचौघांत कसा मागू? मना लाज वाटली, म्हनून लपवली." तिनं मनगट पुढं केलं. "चोरी माजीच. पन जबरी त्यानं केली, माज्या मनगटावर."

हे काही रुचिरानं पढवलेलं नव्हतं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "माझी आई उरणची," ते म्हणाले. "शाळेला उशीर झाला की माझा मुडदा रोज बसायचा."

आता सरकारी वकीलसुद्धा हसले. मग न्यायाधीशांनी गंभीर होऊन निकाल सांगितला: जबरी चोरीची शिक्षा रद्द, साधी चोरी कायम, आजवर भोगलेली कैद पुरेशी.

"म्हंजी काय गं, बाय?" बाहेर येताच गुणाबाईनं विचारलं.

"म्हणजे सुटलात, मावशी! घरी जायचं."

गुणाबाईनं तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळे वाहत होते, ते तिनं पुसलेही नाहीत. तशीच ती रस्ता ओलांडून समोरच्या बांगड्यांच्या दुकानात शिरली. आत बायकांची ही गर्दी.

"नेलपॉलिश दे रं. लाल. भडक."

"सुनेला का, मावशी?" दुकानदारानं विचारलं.

गुणाबाईनं दोन्ही हात सगळ्यांसमोर काउंटरवर पसरले.

"मुडदा बशिवला तुजा," ती खणखणीत म्हणाली. "मना!"