घासकाम

काळाचौकीच्या त्या चाळीत धनेशला सगळे पेंटर म्हणत, आणि ती सुरुवात त्याने स्वतःच करून दिली होती. लालबागच्या एका गॅरेजात तो एकतीस वर्षं कामाला होता, हे खरं. गाड्या जिथे रंगवल्या जात तिथेच तो असे, हेही खरं. पण रंगाची गन असायची भिवाच्या हातात. धनेशच्या हातात पॉलिश पेपर. त्याने गंज घासून पत्रा उघडा करायचा, पुसून द्यायचा, मग भिवा दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून रंग मारणार. गॅरेजात धनेशला नावच होतं ‘घासणारा’. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी विचारलं, काय करता, तेव्हा तो शब्द काही तोंडातून निघेना. ऐकणाऱ्याला आधी भांडी आठवणार. तो म्हणाला, पेंटर. आता निवृत्त झाला, घासून घासून अंगठा इतका गुळगुळीत की रेशनच्या मशीनवर उमटत नाही, तरी पेंटर तो पेंटरच.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या विठोबाकाकांनी खुर्चीतून हाक मारली. काकांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली. टॅक्सीचं वय भरलं, ती भंगारात गेली, पण पुढचा बंपर तेवढा त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणला आणि जिन्याखाली ठेवला. मग त्यांना लकवा झाला. बंपर तिथेच गंजत पडला.

"धनेशा, दसऱ्याक पूजा करूची हा. पयल्यासारखो काळो करून दी. तुझ्या हाताचो."

मंजुळाकाकू आतून म्हणाल्या, "त्याला वेळ असेल तर हो."

"वेळच वेळ आहे," धनेश म्हणाला. गॅलरीत चार माणसं ऐकत होती. त्याची छाती जरा पुढे आली.

आता खरं काम होतं घासायचं, आणि ते त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. पण बंपर काही खोलीत मावेना. म्हणजे गॅलरीत उकिडवं बसायचं, गंजिफ्रॉकवर, लाल पाणी मोरीकडे वाहतंय, आणि येणारा-जाणारा बघतोय. पेंटर असा बसतो का? भिवा कधी बसला नव्हता. धनेशने दाराआड बंपरचं एकेक टोक आत ओढून दहा-दहा मिनिटं पेपर फिरवला, तोही रेडिओ मोठा करून.

"नीट घासलंत ना?" त्याच्या बायकोने, सीमाने विचारलं.

"घासलं की."

"मी घरातच होते," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

मग तो गच्चीवर गेला. नाकाला रुमाल, हातात स्प्रेचा डबा. दोन पावलं मागे, एक डोळा बंद. पोरंबाळं जमली, पहिल्या मजल्यावरची चंपावहिनी वाळवणाचं निमित्त करून आली. काळा रंग असा चमकला की चंपावहिनीने त्यात आपलं कपाळ बघून टिकली सरळ केली. सगळ्यांत धनेश एकटाच जाणून होता, की वरून कीर्तन, आतून तमाशा.

दसऱ्याच्या सकाळी बंपर काकांच्या दारासमोर पाटावर ठेवला. आठ दिवस ऊन खाल्लं होतं त्याने. डाव्या बाजूला बारीक फोड आलेले धनेशला दिसले.

"काकू, हार असा डावीकडे घाला," तो म्हणाला. "शोभून दिसेल."

"हार मागसून," काका म्हणाले. "आधी कुंकू."

त्यांचा चालता हात डावा. तो पुढे आला, कुंकवात बुडवलेला अंगठा बरोब्बर फोडावर टेकला. रंगाची खपली निघाली, भाकरीचा पापुद्रा निघावा तशी. खाली लालभडक. अंगठ्यावर कुंकू किती आणि गंज किती, सांगता येईना.

चंपावहिनीला दया आली. "रंग ओला राहिला वाटतं, भावोजी?"

"हो, हवा दमट आहे ना," धनेश म्हणाला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं.

काकांनी अंगठ्याकडे बघितलं, तोच अंगठा पुन्हा टेकवून टिळा पुरा केला. काकूंनी हार घातला, डावीकडेच. मग काकांनी आपट्याचं पान धनेशच्या हातावर ठेवलं, "सोना घे," म्हणाले. पानावर लाल ठसा होता.

दुपारी सीमाने श्रीखंड वाढलं. त्याला ते गिळवेना. हात धुऊन तो शेजारी गेला. काका खुर्चीतच होते, काकू पंचपात्र आवरत होत्या.

"काका, मी पेंटर नव्हतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "भिवा होता. मी घासणारा. आणि ह्या वेळी घासलंही नाही."

"माका म्हायत होता."

"काय?"

"टॅक्सी दर वर्षी पासिंगच्या आदी तुमच्याच गॅरेजात येय. मी बाहेर चाय पीत बसय, तू गाडीखाली घाशीत. आणि रेशनच्या मशिनीक अंगठो लागणा नाय, तो काय रंग मारून? सगळ्या चाळीक ठाऊक आसा."

धनेशला वाटलं, चूक कबूल करायला आलो आणि नागडाच झालो. इतकी वर्षं आपण झाकलं म्हणत होतो, आणि लोक नुसते दुसरीकडे बघत होते. "मग कुणी बोललं का नाही?"

"तू इतक्या हौसेन सांगस," काका म्हणाले. "पण बंपर तुका दिलो तो घासूक दिलो रे. रंग कोणीय मारता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमाने न विचारता टब भरून गॅलरीत ठेवला. "बाहेर बसा, उजेड आहे," म्हणाली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. तो गंजिफ्रॉकवर उकिडवा बसला, काळा रंग खरवडून काढू लागला. लाल पाणी चार खोल्यांपुढून मोरीकडे चाललं. चंपावहिनी साडी वर धरून ते ओलांडून गेली.

"काय, पेंटरभावोजी?"

त्याचे कान तापले. "घासतोय," तो म्हणाला. शब्द तसा लहानच होता.

ऊन चढेपर्यंत पत्रा चांदीसारखा उघडा झाला. धनेशने कपडा घेतला, पुसायला लागला.

"कोपरो रवलो, मेल्या," काका खुर्चीतून म्हणाले.

खरंच राहिला होता. त्याने पेपर दुमडून घेतला आणि परत वाकला.