अक्षरताईचा अर्ज

कापडाच्या त्या दुकानात कुणाला रजा हवी असो की पाळी बदलून हवी असो, अर्ज लिहायचा तो अक्षरताईनेच. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. एकोणीस वर्षं ती काउंटरवर कापड उलगडत होती आणि जेवणाच्या सुट्टीत लोकांचे अर्ज लिहीत होती. कुठे खाडाखोड नाही की शाईचा ठिपका नाही. या गोष्टीचा तिला भारी तोरा होता.

मग तिच्या हातांवर कोड उमटलं. आधी बोटांच्या पेरांवर, नंतर मनगटापर्यंत. त्याची कुणाला लागण होत नाही, ते दुखतही नाही. पण एका गिऱ्हाइकाने तिने उलगडलेलं रेशीम बोटाच्या टोकाने बाजूला सारलं आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या मालकांनी तिला आत बोलावलं. धाकटे मालक बोलायला मोठे गोड. गळा कापतील, तोही 'ताई' म्हणून.

"ताई, किती वर्षं उभं राहायचं? मागे गोदामात बसून काम करा. फक्त एक अर्ज द्या, तुमच्याच हातचा. शब्द मी काय सांगू तुम्हाला?"

खरंच सांगावे लागले नाहीत. 'मी स्वखुशीने विनंती करते की...' तिने एका दमात लिहून दिलं. पाच महिन्यांनी गोदाम बंद झालं आणि गोदामातली माणसं कमी केली. माणसं म्हणजे ती एकटीच; तिथे दुसरं होतं कोण?

कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अंगावरच्या डागांवरून कुणाला कामावरून हटवता येत नाही. कायदा स्पष्ट आहे." ताईचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या तारखेला बाईंनी मालकांनी पाठवलेला कागद समोर ठेवला. "हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच." सवयीने आवाजात थोडा अभिमान आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी कपाटातल्या दोन जुन्या फायली काढल्या. "हे अक्षर मी आधी पाहिलंय."

एक अर्ज बिट्टीचा. काउंटरवरची ही पोरगी, दिवस गेल्याचं कळताच तिला घरी बसवलं होतं. दुसरा शिवणखात्यातल्या मामांचा, पाय अधू झाल्यानंतरचा. दोघंही इथे दाद मागायला आले होते आणि त्या एका 'स्वखुशीने'पायी हात हलवत परत गेले होते. ताईला बिट्टी आठवली, डबा न उघडता शेजारी बसलेली. डोळे पुसत म्हणाली होती, "किती छान लिहिता हो ताई!" तेव्हा ताई खूश झाली होती. आता तिला रडू आवरेना.

"यांचं काही होईल का हो आता?"

"यांची मुदत केव्हाच उलटली. तुमची अजून आहे. हे अर्ज कसे लिहिले गेले, ते लिहून द्याल?"

कोरा कागद आला. डागाळलेला हात सवयीने झरझर चालला, 'मी स्वखुशीने...'

ताई थांबली. तिने त्या शब्दावर एक रेघ मारली, मग दुसरी, आणि कागद फाटेपर्यंत मारतच राहिली.

"दुसरा कागद देऊ?" बाईंनी हळूच विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "असाच राहू दे."